खरकट्या मक्याची तपासणी

फ्रोझन मका हा शिजलेला पदार्थ आहे की कच्चा, या प्रश्नाकडे विज्ञानानं आजवर पुरेशा गांभीर्यानं पाहिलेलं नाही. मीही पाहिलं नव्हतं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे आणि दाणा पिवळा आहे एवढ्यावर समाधानी होते. या निष्काळजीपणामुळे माझ्या आईची बढती जवळजवळ गेली, आत्या केळ्यांवर आली, शेजारच्या वसंतरावांच्या आमरसावर किटाळ आलं, आणि आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर माझं नाव फ्लॅट नंबरासकट लागलं.

आई विमा कंपनीत कारकून आहे. अधिकारी व्हायची संधी तिला याआधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा तिनं हात जोडून परत पाठवली. एकदा माझी बारावी होती, एकदा आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन. प्रशिक्षण हैदराबादला, तिथेच राहायचं, शेवटी परीक्षा. आणि इकडे रात्रीचं जेवण कोण करणार? यंदा तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा तिनं नकाराचं पत्र लिहायलाही घेतलं होतं. मी पेन काढून घेतलं आणि जाहीर केलं की जेवण मी करीन. स्वयंपाक म्हणजे उष्णता, पाणी आणि वेळ; या तिन्ही गोष्टी मी पगार घेऊन मोजते.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्ही फोन करा, ती परत येईल," मी म्हणाले. हे वाक्य मी बोलायला नको होतं. अप्पा बँकेत आहेत. आणीबाणीची तरतूद एकदा कागदावर आली की ती वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

चेन्नई सेंट्रल स्टेशनवर आईनं खिडकीतून स्वयंपाकघराचा कारभार माझ्या ताब्यात दिला. मीठ अंदाजे. चिंच अंदाजे. सांबारात गूळ नखाएवढा, पण अंदाज बघून. शेवटी म्हणाली, "आणि वन्संना हल्ली जरा मऊ लागतं. तेवढं बघ."

"किती मऊ?"

"अंदाजे," आई म्हणाली आणि गाडी हलली.

आमच्या प्रयोगशाळेत कोणी अहवालात 'अंदाजे' लिहिलं, तर त्याला अहवाल परत मिळतो आणि कॅन्टीनमध्ये टोमणे. तरी मी भात मऊ केला. पाणी नेहमीपेक्षा जास्त, शिट्टी एक जादा. सूचना अमलात आली असं धरून मी मोकळी झाले.

मका निवडण्यामागे शुद्ध तर्क होता. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं वेलचेरीला घरी पोहोचेपर्यंत सात वाजतात. भाजी निवडायची, धुवायची, चिरायची, तोवर अप्पा दर थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन घड्याळाकडे न बघितल्यासारखं करतात. फ्रोझन मक्याला सोलणं नाही, चिरणं नाही, कीड नाही, देठ नाही. प्रत्येक दाणा दुसऱ्यासारखा. इतका शिस्तीचा कच्चा माल आमच्या कारखान्यालाही मिळत नाही. पुलावात घाला, सांबारात घाला, उपम्यात घाला. आमच्या रस्त्यावर थंड मालाचं घाऊक दुकान आहे, ते फक्त खोकं विकतात. खोक्यात किलोच्या दहा पिशव्या. आमच्या फ्रीजरमध्ये दोन मावल्या.

उरलेल्या आठ घेऊन मी समोरच्या दाराची घंटी वाजवली.

वसंतराव मूळचे कराडचे. मुलगा रणवीर सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून ते इथे आले, आणि आले तसे आमच्या मराठीच्या दुरुस्तीला लागले. आमचं घराणं तंजावरचं. आम्ही काही पिढ्यांपासून मराठीच बोलतो, पण त्यात तमिळ इतकं मुरलं आहे की वेगळं काढायला गेलं तर दोन्ही फाटतील. पहिल्याच भेटीत ते आत्याला म्हणाले होते, "तुमची मराठी म्हणजे तीनशे वर्षं फ्रीजरमध्ये ठेवलेली मराठी आहे हो." आत्या म्हणाली, "म्हणूनच नासली नाही." तेव्हापासून दोघं एकमेकांना मान देतात, म्हणजे समोरासमोर आले की घसा खाकरतात.

वसंतरावांकडे पेटीसारखा मोठा डीप फ्रीजर आहे. त्यात वर्षभराचा आमरस असतो. दर मे महिन्यात गावाकडून आंबे येतात, रणवीरला रजा काढून रस काढावा लागतो.

"ठेव की," ते म्हणाले. "पण मका डावीकडे, रस उजवीकडे, आणि मधे वर्तमानपत्र. वास लागता कामा नये."

मक्याला वास नसतो हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र घातलं.

पहिल्या रात्री पुलाव झाला. अप्पा म्हणाले, "हॉटेलसारखा आहे." त्यांच्या तोंडी ही स्तुती आहे की तक्रार, हे आई गेल्या सत्तावीस वर्षांत ठरवू शकलेली नाही. आत्यानं भात खाल्ला आणि मक्याचे दाणे ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवले. कामाक्षी आत्या ही अप्पांची मोठी बहीण, कुंभकोणमच्या शाळेत गणित शिकवायची. मांडणीची सवय असेल, असं मला वाटलं. ओळ सरळ होती.

दुसऱ्या रात्री मक्याचं सांबार. आत्यानं वरचं पातळ घेतलं. तिसऱ्या रात्री मी उसिली केली, म्हणजे वाटलेली डाळ परतून त्यात मका. या पदार्थाला वर पातळ नसतं आणि बाजूला भातही नव्हता. आत्यानं बोटानं एक दाणा दाबून पाहिला. मग तिनं विचारलं, "हे पिशवीतलं येतं ते कच्चं येतं का गं, भव्या?"

आणि मला इतका आनंद झाला. घरात मला विज्ञानातलं काही विचारणारं कोणी नाही. अप्पा फक्त मोबाइलची बॅटरी का उतरते ते विचारतात. मी सांगितलं: कच्चं नाही आत्या, फार छान पद्धत असते. दाणे आधी उकळत्या पाण्यात किंवा वाफेत काही मिनिटं काढतात, त्यामुळे आतली एन्झाइम्स बंद पडतात, रंग आणि गोडी टिकते, आणि मगच गोठवतात.

"म्हणजे शिजवतात."

"हो, एका अर्थी शिजवतातच."

आत्यानं हात ताटावरून उचलला. "मग हे खरकटं," ती म्हणाली.

आमच्या घरचा नियम सांगायला हवा. शिजलेल्या अन्नाला हात लागला की तो हात धुवायचा, मगच दूध, तूप, दही, लोणचं यांना शिवायचं. शिजलेलं आणि न शिजलेलं एका फळीवर ठेवायचं नाही. तमिळ शेजारी याला पत्तु म्हणतात, आम्ही खरकटं म्हणतो. नियम तोच, दरडावण्याचा सूरही तोच. आईनं तो सैल सोडला आहे, पण मोडलेला नाही. आता माझ्या एका वाक्यानं असं सिद्ध झालं होतं की आमच्या फ्रीजरमध्ये दोन पिशव्या शिजलेलं अन्न लोण्याला चिकटून बसलं आहे. आत्यानं पुढचा तर्क केला. लोणी गेलं. दार एकच, म्हणून खालचं दही गेलं. दूध गेलं. लोणच्याची बरणी बाहेर होती, पण मी मक्याच्या हातानं तिला शिवले होते, तीही गेली. सिद्धता निर्दोष होती. मी चुका शोधल्या, सापडल्या नाहीत.

"मज दोन केळी दे," आत्या म्हणाली. "आणि उद्यापासून सकाळच्या ताज्या पिशवीतलं दूध घालून मूठभर पोहे भिजव. पुरे तेवढं."

अप्पांनी मोबाइल उचलला.

"अप्पा."

"जयंतीला फक्त विचारतो."

"काय विचारता? आत्या जेवत नाही म्हणून सांगितलं की ती रात्रीच्या गाडीनं येईल. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे."

अप्पांनी मोबाइल खाली ठेवला, पण उलटा नाही ठेवला. "रविवारपर्यंत," ते म्हणाले. "रविवारी अक्का नीट जेवली नाही तर मी फोन करणार. उद्या काही झालं तर तीच मला विचारेल, तुम्ही काय करत होता म्हणून."

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवलात सगळे?" असा प्रश्न आला की अप्पा पंख्याकडे बघायचे, मी "हो" म्हणायचे, आणि आतून आत्याचा आवाज यायचा, "झालं, झालं. तू अभ्यास कर." पोहे खाणारी व्यक्ती 'जेवण झालं' म्हणते हे खोटं आहे का, याचाही मी विचार केला. पोहे शिजवलेले नसतात. पण त्या दिशेनं मी फार पुढे गेले नाही.

आता माझं म्हणणं असं होतं की वाफेत काही मिनिटं काढणं म्हणजे शिजणं नव्हे. शिजणं म्हणजे दाण्यातलं पीठ, स्टार्च, पाणी पिऊन फुगतं आणि त्याची रचना मोडते. ही मोडलेली रचना दिसते. स्टार्चचा कच्चा कण विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्यावर उजेडाची एक सुंदर फुली दिसते. शिजला की फुली पुसली जाते. फुली दिसली, तर मका कच्चा. मका कच्चा, तर लोणी शुद्ध, दही शुद्ध, आत्या जेवली, आई अधिकारी. असा सूक्ष्मदर्शक आमच्या कारखान्यात होता. कारखाना गाड्यांच्या दारांच्या रबरी पट्ट्या बनवतो, पण उपकरणाला काय फरक पडतो.

मूठभर मका डब्यात घालून मी निघाले तेव्हा जिन्यात वसंतराव भेटले. त्यांनी आत्याची चौकशी केली. मी परिस्थिती सांगितली.

"असलं काही आमच्याकडे राहिलेलं नाही," ते म्हणाले. मग थबकले. "एक मिनिट. मका खरकटा, तर मग त्याच्या शेजारचा आमचा रस?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. माहीत नसेल तर तज्ज्ञाला विचारावं, असं मला शिकवलेलं आहे. मी घरात जाऊन आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "नियमाप्रमाणे झाला." मी बाहेर येऊन तसं सांगितलं.

माणसाला स्वतःच्या जातीधर्मापेक्षा आमरसाचा अपमान जास्त लागतो, हे मला त्या क्षणी कळलं. "माझ्या आजोबांनी लावलेली कलमं आहेत ती," वसंतराव म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांनी माझा मका मात्र बाहेर काढला नाही. संध्याकाळी पाहिलं तर मधल्या वर्तमानपत्रावर रविवारची पुरवणी वाढली होती.

कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा अधिकाऱ्यानं डबा उघडायला लावला.

"हे काय?"

"मका."

"जेवणाचा?"

"नाही. प्रयोगशाळेत न्यायचा आहे."

त्यानं वही जवळ ओढली. "मग माल झाला. कच्चा माल की तयार माल?"

"तेच तपासायला आणलाय," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि आणखी एका अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी दाणे मोजायचं ठरवलं, कारण आत गेलेली वस्तू बाहेर गेली पाहिजे, नाहीतर ती कारखान्याची होते. मागे बस थांबली होती. बसमधले सगळे खिडकीतून बघत होते. परतीच्या रकान्यात 'परत नेणार' असं लिहिलं होतं, म्हणून संध्याकाळी जाताना चार दाणे कमी भरले तेव्हा मला खुलासा द्यावा लागला: 'चाचणीत नष्ट.' खाली माझ्या साहेबांची सही लागते. साहेबांनी सही केली, पण करताना विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

निकाल मात्र फार सुंदर होता. दाण्याच्या सालीजवळ फुल्या पुसलेल्या. मध्याकडे जावं तशा एकेक उमटत गेलेल्या, गाभ्यात तर लख्ख चांदण्या. मका बाहेरून शिजलेला होता आणि आतून कच्चा होता. मी घरी येऊन आत्याला फोटो दाखवले.

आत्यानं चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला. तिला त्या फुल्या आवडल्या, हे मला दिसलं. मग तिनं चष्मा काढला. "अर्धं खरकटं असं नसतं, भव्या. संख्या सम असते नाहीतर विषम असते. अर्धी सम असते का?"

"नसते."

"मग केळी दे."

मी खोटं बोलू शकले असते. फक्त गाभ्याचा फोटो दाखवला असता तर काम झालं असतं. अप्पांनी तेच सुचवलं, अगदी हलक्या आवाजात, आणि बँकेत चाळीस वर्षं प्रामाणिकपणे काढलेल्या माणसाला आपण काय बोललो याची लाज वाटली, म्हणून लगेच स्वतःच उठून केळी सोलून दिली.

याच सुमाराला चंद्रमौळी सरांचा प्रवेश झाला. ते आमच्या सोसायटीचे सचिव. निवृत्त झाले ते ऑडिट खात्यातून, पण ऑडिट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. मला पिशव्या घेऊन समोरच्या दारातून आत-बाहेर करताना त्यांनी पाहिलं होतं. नोटीस बोर्डावर पत्रक लागलं: निवासी सदनिकेतून गोठवलेल्या शेतमालाचा घाऊक व्यवहार चालू असल्याचं कार्यालयाच्या निदर्शनास आलं आहे. खाली आमचा फ्लॅट आणि कंसात 'कु. भव्या'. मी त्यांना भेटून सांगितलं की आम्ही मका विकत नाही, खातो.

"दहा किलो?"

"हो."

"तीन माणसं?"

"त्यातल्या एक खात नाहीत," मी अचूकतेसाठी म्हणाले.

त्यांनी ते टिपून घेतलं. "लेखी द्या," ते म्हणाले.

आणि मग रविवार उजाडला. कत्तिरी चालू होती, म्हणजे मे महिन्यातला तो उन्हाळा, ज्यात चेन्नईत भिंतीला टेकलं तरी चटका बसतो. घराघरांत एसी चालू होते. दुपारी जेवणं झाल्यावर रस्त्याच्या टोकाच्या ट्रान्सफॉर्मरनं एक आवाज केला आणि आमची अख्खी गल्ली गप्प झाली. वीज मंडळात फोन लावला तर म्हणाले, उद्या सकाळी. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि घरटी एक दिवा, एक पंखा एवढंच ओढतो.

पाच वाजता वसंतरावांनी आमची घंटी वाजवली. म्हणजे दार ठोठावलं. रागावलेला माणूस घाबरला की फार साधा दिसतो.

"सुटायला लागलंय सगळं," ते म्हणाले. "तुझा मका आणि माझा रस. दोन्ही."

आम्ही दोघं चंद्रमौळी सरांकडे गेलो. फ्रीजरला जनरेटरची जोडणी मिळेल का? त्यासाठी समितीचा ठराव लागतो. समितीची सभा घ्यायला पाच जण लागतात. पाचातले तीन उन्हाळ्यामुळे उटीला. जनरेटरवर चालणारा एकच मोठा प्लग खालच्या सभागृहात आहे, वार्षिक सभेच्या ध्वनिक्षेपकासाठी. पण फ्रीजर लिफ्टमध्ये मावत नाही. आणि सभागृह फक्त सांस्कृतिक कार्यक्रमांना देता येतं.

घरी आले तर अप्पा खुर्चीवर ताठ बसलेले, मांडीवर मोबाइल. "रविवार आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आठ किलो मका वितळत होता, आत्याचा चेहरा उतरला होता, नोटीस बोर्डावर माझं नाव होतं, आणि आई हैदराबादच्या एका खोलीत पुस्तक उघडून बसली असेल. उष्णता, पाणी आणि वेळ, तिन्ही माझ्या विरुद्ध गेले होते.

अप्पांचं बोट नावापर्यंत गेलं तेव्हा आत्या खोलीतून बाहेर आली.

"गिरी, ते खाली ठेव," ती अप्पांना म्हणाली. "भव्या, मका सुटला म्हणजे नरम झाला ना?"

"थोडा."

"वाटता येईल?"

"येईल, पण घरातल्या प्लगला जनरेटर नाही, ग्राइंडर चालणार नाही."

"खाली सभागृहात प्लग आहे ना. कागद आण."

तिनं गणिताच्या बाईंच्या अक्षरात इंग्रजीत अर्ज लिहिला: आज सायंकाळी सभागृहात सांस्कृतिक कार्यक्रम आयोजित केला आहे, सर्व रहिवाशांनी यावं. कार्यक्रमाचं स्वरूप या रकान्यात तिनं लिहिलं, 'पाककला'. चंद्रमौळी सरांनी अर्ज दोनदा वाचला. नियमात बसत होता. नियमात बसणाऱ्या गोष्टीपुढे ते फार हतबल असतात. त्यांनी शिक्का मारला.

आमचा दगडी ग्राइंडर अप्पांनी आणि वसंतरावांनी दोन बाजूंनी धरून लिफ्टमधून खाली आणला. भिजवलेले तांदूळ आणि डाळ आमच्याकडे सोमवारच्या इडलीसाठी तयार होती, तीही गेली आत. आत्या पाटावर बसली, पदर खोचला आणि हुकूम सोडायला लागली. मका, तांदूळ, डाळ, सुकी मिरची, जिरं, हिंग. अडै करायचं, म्हणजे जाड धिरडं. वसंतराव घरून शेगडी आणि तवा घेऊन आले. मग न सांगता आणखी एक फेरी मारून आमरसाची पातेली घेऊन आले.

"हा खरकटा रस," ते आत्याकडे न बघता म्हणाले. "कोणाला चालत असेल तर."

आत्या म्हणाली, "ठेवा इथे."

आता निरीक्षण. मी तिच्यासमोर बसून मका ग्राइंडरमध्ये सोडत होते. आत्यानं उजवा हात थेट मक्यात घातला, मूठभर घेतला, दाबून पाहिला. मग त्याच हातानं, न धुता, तिनं तुपाच्या डब्याचं झाकण काढलं.

मी थांबले. आत्याच्या हातून हे होणं म्हणजे तिनं फळ्यावर दोन आणि दोन पाच लिहिण्यासारखं होतं.

"आत्या, हात."

"काय हात?"

"मक्याला लागलेला. तूप."

आत्यानं डब्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. वसंतराव तव्याशी झटत होते, अप्पा चंद्रमौळी सरांना खुर्ची देत होते.

"हळू बोल डी," ती म्हणाली; घाईत तिचं 'गं' तमिळ होतं. आणि मग ग्राइंडरच्या आवाजाच्या आडोशानं, एवढ्याशा आवाजात, "खालची नवी कवळी बसवली ना दाताच्या डॉक्टरनं. टोचते. मक्याचं साल तिच्याखाली जातं आणि डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या रात्रीच कळलं मज."

"मग सांगायचं ना."

"कोणास? गिरीला? दात दुखतो म्हटलं की त्यानं जयंतीला फोन केला असता. ती आली असती मज डॉक्टरकडे न्यायला. मागच्या वेळी माझे डोळे, आता माझे दात." तिनं मक्याची एक मूठ ग्राइंडरमध्ये सोडली. "माझ्या एकेका अवयवासाठी तिनं एकेक परीक्षा सोडायची का?"

"म्हणून खरकटं?"

"खरकटं म्हटलं की कोणी पुढे काही बोलत नाही. इतकी वर्षं कोणी बोललं नाही." तिनं माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. "मज काय माहीत, तू मका घेऊन कारखान्यात जाशील."

मी तिनं कडेला लावलेली ती सरळ ओळ आठवली. वरचं पातळ आठवलं. भिजवलेले पोहे, केळी. सगळी माहिती पहिल्या दिवसापासून माझ्या ताटासमोर मांडलेली होती, आणि मी सूक्ष्मदर्शक शोधत फिरले. रागही आला, पण कोणावर धरावा ते समजेना. मग मी मका सोडायच्या कामाला लागले.

"उद्या सुट्टी घेते," मी म्हणाले. "डॉक्टरकडे आपण दोघी जाऊ."

"तुझ्या कारखान्यासारखी तिथे फाटकावर माझी कवळी मोजायला नाही ना लावणार?" आत्या म्हणाली.

पहिलं अडै तव्याला चिकटलं, ते अप्पांनी खाल्लं. दुसरं सुटून आलं. आत्यानं तुकडा मोडला, आमरसात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. चावावं लागत नव्हतं. वसंतराव उलथनं हातात धरून बघत होते. आत्यानं डोळे उघडून त्यांना विचारलं, "कुठली कलमं म्हणालात?" तिथून पुढे वसंतराव कलमांबद्दल जे बोलायला लागले ते आत्याचं सहावं अडै संपेपर्यंत थांबले नाहीत, आणि तिनंही त्यांना थांबवलं नाही. तिनं कुठली वस्तू कुठल्या हातानं घेतली हे मी पाहायचं सोडून दिलं.

जिन्यातून माणसं येत राहिली. वर उकडत होतं, आणि खाली पंखा होता आणि खायला होतं. चंद्रमौळी सरांनी आधी लेखी आक्षेप नोंदवला की सभागृहात तेलकट धूर होतो आहे, तो आक्षेप घडी करून खिशात ठेवला आणि ताटली पुढे केली. दुसऱ्यांदा ताटली पुढे करताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ते दुकान फक्त खोकंच विकतं का.

आईचा फोन नेमका तेव्हाच आला. अप्पांनी सवयीनं वर पंख्याकडे पाहिलं. सभागृहाचा पंखा बराच उंच आहे, त्यांचं डोकं पार मागे गेलं. मी फोन घेतला.

"जेवलात सगळे?"

"जेवतोय." मी मोबाइल आत्याच्या दिशेनं धरला. आत्या तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "जेवतेय गं. अडै आहे, मक्याचं. तू अभ्यास कर."

आई म्हणाली, "मक्याचं? वन्सं मका खातायत? त्यांची ती नवी कवळी टोचत होती ना? म्हणून तर तुला म्हटलं होतं, मऊ बघ."

तिला माहीत होतं. सगळं तिला निघताना माहीत होतं, आणि माझ्यावर सोडून ती गेली होती. एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकलाय याची मला कल्पनाच नव्हती, नाहीतर मी 'किती मऊ' असं विचारलं नसतं. किंवा विचारलं असतं, पण निदान स्टेशनवर नाही.

"वाटून केलंय," मी म्हणाले. "उद्या डॉक्टरकडे जातोय आम्ही. तू येऊ नकोस."

"भव्या, खरं सांग. सगळं ठीक आहे ना?"

मी सभागृहभर पाहिलं. अप्पा त्यांच्या वाट्याचं तिसरं चिकटलेलं अडै खरवडत होते, आत्या वसंतरावांना त्यांच्या कलमांचा हिशेब चुकलाय हे पटवून देत होती, आणि नोटीस बोर्डावर माझं नाव अजून तसंच होतं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"किती ठीक?"

"अंदाजे," मी म्हणाले. आई हसली, आणि मागे तिनं पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.